ईश्वरचिठ्ठी आणि टायब्रेकर

बाद फेरी म्हणजे स्पर्धेचा असा टप्पा, जिथे हरणाऱ्याचे खाते त्याच रात्री बंद होते. साखळी फेरीत एक हार पुढच्या दोन विजयांनी भरून निघते. तिथे काळ हाच पंच असतो आणि तो सहसा चुकत नाही. बाद फेरीत तेवढा काळच मिळत नाही. युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये २०२४-२५ च्या हंगामापासून ३६ संघ प्रत्येकी आठ साखळी सामने खेळतात. पहिले आठ थेट अंतिम सोळांत जातात, नवव्यापासून चोविसाव्यापर्यंतचे संघ उरलेल्या आठ जागांसाठी आपसांत झुंजतात, आणि तिथून पुढे प्रत्येक जोडीतला एकच उरतो. दोन सामने, एक आपल्या मैदानावर आणि एक परक्या; एकत्रित गोलसंख्या सारखी झाली तर तीस मिनिटांचा जादा वेळ; त्यातही कोंडी फुटली नाही तर टायब्रेकर, म्हणजे पेनल्टींची लढत. अंतिम सामना मात्र एकच.

या रचनेत एक जुना धार्मिक प्रश्न दडलेला आहे. जो पुढे जातो तो लायक म्हणूनच जातो का? तसे नसेल, तर लायकी आणि निकाल यांच्या मधल्या जागेत जे असते त्याला काय म्हणायचे: योगायोग, दैव, की ईश्वराची इच्छा? आणि ती इच्छाच असेल, तर ज्याच्या पायाने चेंडू गोलखांबावर आदळला त्याच्या माथी दोष किती येतो?

संयुक्त अरब अमिरातीत हा प्रश्न फार जवळचा आहे. २००८ पासून मँचेस्टर सिटी हा इंग्लिश क्लब अबुधाबीच्या मालकीचा आहे, त्यामुळे युरोपातली बाद फेरी तिथे परकी वाटत नाही. अल ऐन हा त्या देशाचा स्वतःचा क्लब २००३ आणि २०२४ असा दोनदा आशियाचा विजेता झाला आहे. सामना पाहणारे लोक उद्याच्या कुठल्याही गोष्टीबद्दल बोलताना ‘इन्शाल्ला’ म्हटल्याशिवाय वाक्य पुरे करत नाहीत. त्यांच्या शेजारी, करामा आणि बर दुबईच्या कॅफेटेरियांत करक चहाचे कागदी पेले हातात धरून बसलेल्या भारतीयांत मराठी माणसेही असतात, आणि त्यांच्या तोंडीही ‘नशीब’, ‘दैव’, ‘देवाची करणी’ हेच शब्द येतात. एप्रिल-मेमध्ये युरोपातला सामना तिथे रात्री अकराला सुरू होतो. टायब्रेकरपर्यंत गेला तर दीड वाजून जातो.

१६ एप्रिल २०२४ रोजी अमिरातीत जो पाऊस झाला, तेवढा १९४९ मध्ये नोंदी सुरू झाल्यापासून कधीच झाला नव्हता. वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या देशात, अल ऐनजवळच्या खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाणी कोसळले. दुबईचा विमानतळ तुंबला, रस्त्यांवर मोटारी तरंगल्या. अल ऐनच्या हज्जा बिन झायेद स्टेडियमवर त्या दिवशी आशियाई चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना ठरला होता. तो एक दिवस पुढे गेला. समोर रियाधचा अल हिलाल होता, सलग ३४ सामने जिंकत आलेला, जगात कोणत्याही संघाला न साधलेला विक्रम नावावर असलेला. १७ तारखेला अल ऐनने त्याला ४-२ असे हरवले. मोरोक्कोच्या सुफियान रहिमीने पूर्वार्धातच तीन गोल केले.

त्याच रात्री अकराला मँचेस्टरमध्ये सिटी आणि रेआल माद्रिद यांचा उपांत्यपूर्व फेरीचा परतीचा सामना सुरू झाला. माद्रिदमधला पहिला सामना ३-३ असा सुटला होता. परतीच्या सामन्यात सिटीने तीसहून अधिक फटके मारले, रेआलने दहाच्याही आत. गोल मात्र दोघांचा एकेकच. टायब्रेकरमध्ये रेआलच्या लुका मॉड्रिचची पहिलीच पेनल्टी अडवली गेली. वाटले, आता न्याय होणार. पुढे आलेल्या बर्नार्डो सिल्व्हाने चेंडू गोलाच्या मधोमध मारला. गोलरक्षक आंद्री लुनिन जागचा हलला नव्हता, चेंडू अलगद त्याच्या हातात गेला. त्यानंतर कोवाचिचचीही पेनल्टी अडली. रेआल ४-३ ने पुढे गेले. अमिरातीत तेव्हा रात्रीचा दीड वाजून गेला होता.

एकाच रात्री, काही तासांच्या अंतराने, आपले म्हणावे असे दोन संघ दोन टोकांना गेलेले ज्याने पाहिले, त्याला सोपे उत्तर देता येत नाही. अल ऐनचा विजय ही अल्लाची कृपा म्हटली, तर सिटीची हार कोणाच्या नावे मांडायची? आणि तो निव्वळ अपघात म्हटला, तर आधीच्या विजयाबद्दल मानलेले आभार पोकळ ठरतात. श्रद्धेला दोन्ही निकाल एकाच वहीत लिहावे लागतात. ही अडचण खरी आहे, आणि तिच्याशी प्रामाणिकपणे झगडलेल्या परंपरा आपल्याकडेही आहेत, अरबस्तानातही.

आधी बरोबरी फोडण्याच्या रीतींचा इतिहास पाहावा लागतो, कारण प्रश्नाचे स्वरूप त्या रीतीप्रमाणे बदलत गेले. टायब्रेकर १९७० मध्ये नियमांत आला. त्याआधी, सगळे उपाय संपल्यावर, नाणेफेक होत असे. २४ मार्च १९६५ रोजी रॉटरडॅममध्ये लिव्हरपूल आणि जर्मनीचा कोलोन यांचा युरोपियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीतला तिसरा सामना झाला. पहिले दोन ०-० असे सुटले होते, तिसरा २-२ असा. एक बाजू लाल आणि दुसरी पांढरी असलेली चकती पंचाने उडवली, तर ती चिखलात उभीच रुतली. दुसऱ्यांदा उडवावी लागली, आणि लिव्हरपूल पुढे गेले. पाच तास खेळून जे ठरले नाही ते एका चकतीने ठरवले. १९६८ मध्ये नेपल्सला इटली आणि सोव्हिएत संघ यांच्यातला युरोपीय उपांत्य सामनाही नाण्यानेच सुटला.

या रीतीला मराठीत नेमका शब्द आहे: ईश्वरचिठ्ठी. निवडणुकीत दोन उमेदवारांची मते सारखी पडली की चिठ्ठी काढतात, आणि वर्तमानपत्रे बिनदिक्कत लिहितात की अमुक उमेदवार ईश्वरचिठ्ठीने निवडून आला. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत गिरगावच्या प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांची मते सारखी निघाली, फेरमोजणीनंतरही सारखीच राहिली, आणि चिठ्ठीने शहा निवडून आले. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याने यावर फार विचारपूर्वक तोडगा काढला आहे. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते त्याला एक मत जास्त मिळाले, असे तो कायदा धरून चालतो. प्रत्यक्षात ते मत कोणत्याही मतदाराने दिलेले नसते. ते कोणाचे, याचे उत्तर मराठी शब्दातच आहे.

चिठ्ठीशेजारी मराठीत आणखी एक शब्द नांदतो: कौल. कोकणात आणि गोव्यात देवळात कौल लावतात. मूर्तीला पाण्याने फुलाच्या पाकळ्या किंवा पाने चिकटवायची, गाऱ्हाणे घालायचे, आणि उजवीकडची पडली की देवाचा होकार मानायचा. क्रिकेटच्या वार्तांकनात ‘नाणेफेकीचा कौल’ आणि निवडणुकीत ‘मतदारांचा कौल’ यांतही हाच शब्द आहे. पण कौल आणि चिठ्ठी यांत फरक आहे, आणि तो मोठा आहे. कौल लावणारा देवाच्या मनात काय आहे ते विचारतो. चिठ्ठी काढणारा तसे काही विचारत नाही. दोघांचा हक्क सारखा आहे, वस्तू एकच आहे, आणि माणसाला निवड करायचा अधिकार उरलेला नाही, एवढेच तो मान्य करतो.

हाच फरक इस्लामी विचारात अतिशय काटेकोरपणे मांडला गेला आहे. इस्लामपूर्व मक्केत काबागृहात हुबल या दैवतापुढे बाण काढून कौल घेत. प्रवासाला जावे की नाही, लग्न करावे की नाही, वाद कोणाच्या बाजूने सोडवावा. त्या बाणांना अझलाम म्हणत. दुसरी प्रथा मैसिरची: उंट कापायचा, त्याच्या मांसाचे वाटे बाणांनी ठरवायचे, आणि ज्याचा बाण रिता निघेल त्याने उंटाची किंमत भरायची. कुराणाच्या पाचव्या अध्यायातील नव्वदाव्या आयतीत मद्य, मैसिर, मूर्तींच्या वेद्या आणि कौलाचे बाण या चारही गोष्टी एकत्र निषिद्ध ठरवल्या आहेत. मैसिर निषिद्ध, कारण त्यात एकाची विनाकष्ट कमाई म्हणजे दुसऱ्याचे विनाकारण नुकसान असते. बाण निषिद्ध, कारण परोक्षाचे ज्ञान फक्त ईश्वराचे, ते लाकडाच्या काडीकडून वदवून घ्यायचे नसते.

तरीही चिठ्ठी निषिद्ध नाही. तिला कुरआ म्हणतात. कुराणातच दोन दाखले आहेत. मरियमचा सांभाळ कोणी करायचा यावर मंदिरातल्या लोकांत चुरस लागली, तेव्हा त्यांनी आपापल्या लेखण्या टाकून तो प्रश्न सोडवला. यूनुस पैगंबर ज्या गलबतावर चढले ते भाराने जड झाले, तेव्हा चिठ्ठी टाकण्यात आली आणि समुद्रात जाण्याची पाळी यूनुसवर आली. प्रवासाला निघताना सोबत कोणत्या पत्नीने यायचे हे पैगंबर मुहंमद चिठ्ठीने ठरवत, अशी हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद) आहे. अबुधाबी आणि दुबईत परंपरेने चालत आलेला मालिकी संप्रदाय समान हक्कदारांमध्ये कुरआ मान्य करतो. हनाफी विचार सावध आहे. चिठ्ठीने नवा हक्क निर्माण होत नाही, तिचे काम मने शांत करण्याचे, असा त्याचा रोख आहे.

मने शांत करणे ही लहान गोष्ट नाही. चिठ्ठीत हरलेल्याचा अपमान होत नाही, आणि बाद फेरीच्या दृष्टीने हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. कोलोनचा एकही खेळाडू त्या चिखलातल्या चकतीमुळे कमी प्रतीचा ठरला नाही. दोघेही सारखेच लायक होते हे चकतीने उलट जाहीर केले. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स याने १९७१ च्या आपल्या ग्रंथात ज्याला शुद्ध प्रक्रियात्मक न्याय म्हटले, तो हाच. योग्य निकाल कोणता हे ठरवायला बाहेरची कसोटी नसते. प्रक्रिया निर्दोष असली की निघेल तो निकाल न्याय्य. अंतिम सोळांच्या फेरीसाठी स्वित्झर्लंडमधल्या न्यों येथे काचेच्या भांड्यांतून गोळे काढतात, प्रत्येक गोळा उघडून आतली क्लबच्या नावाची पट्टी कॅमेऱ्यापुढे धरतात. ती सोडत शुद्ध कुरआ आहे. तिच्यावर कोणी पैसे लावले तर मात्र तिचे मैसिर होते, कृती तीच असली तरी. शर्यतीच्या बक्षिसालाही शरियतने हद्द घातली आहे. हदीसप्रमाणे ते उंट, घोडे आणि तिरंदाजी यांपुरते; कारण त्यांत अंगचे काही असते. अमिरातीत उंटांच्या शर्यती आजही मानाने चालतात त्यामागे ही मान्यता आहे.

१९७० मध्ये नाण्याच्या जागी पेनल्टी आली. त्या वर्षी ४ नोव्हेंबरला एव्हर्टनने बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाखला ४-३ ने हरवले तो युरोपियन कपमधला पहिला टायब्रेकर. सुधारणा म्हणून तिचे स्वागत झाले, आणि खेळ म्हणून ती सुधारणा आहेच. पण धर्माच्या दृष्टीने तिने एक ओझे हलवले आणि ते माणसाच्या खांद्यावर ठेवले. नाणे हरले तर कोणी हरत नव्हते. पेनल्टी हुकली की ती कोणाची तरी असते.

ती रीत जवळून पाहावी. खेळाडू मध्यवर्तुळात एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून रांगेत उभे असतात. ज्याची पाळी येते तो रांगेतून सुटतो आणि चाळीसेक मीटर एकटा चालत जातो. फुटबॉल हा अकरा जणांचा खेळ. हे चालणे तेवढे एकट्याचे. पंचाकडून चेंडू घ्यायचा, पांढऱ्या ठिपक्यावर ठेवायचा, बहुतेकदा पुन्हा उचलून पुन्हा ठेवायचा. गोलरेषा ११ मीटरवर. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. फटका बसल्यापासून चेंडू तिथे पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही, म्हणून गोलरक्षकाला चेंडू पाहून झेपावता येत नाही, अंदाजच बांधावा लागतो. मारणाराही गोलरक्षकाच्या अंदाजाचा अंदाज बांधतो. कौशल्य आहे, सराव आहे, छातीचे ठोके आहेत, गवत ओले आहे, आणि शेवटी दोन अंदाजांची गाठ पडते. ती कशी पडेल हे दोघांच्याही हातात नाही. म्हणजे टायब्रेकर धड चिठ्ठीही नाही आणि धड खेळही नाही. तो दोन्हींच्या सीमेवर उभा आहे, आणि त्यामुळेच त्यात हुकणाऱ्याला आपण दोषी की दुर्दैवी हे कळेनासे होते.

घानाचा असामोआ ग्यान २०११ ते २०१५ अल ऐनकडून खेळला आणि तिथे त्याने गोलांचा पाऊस पाडला. त्याआधी, २ जुलै २०१० रोजी, विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात जादा वेळेच्या अगदी अखेरीस त्याला पेनल्टी मिळाली होती. ती गेली असती तर आफ्रिकेचा पहिला संघ उपांत्य फेरीत गेला असता. चेंडू आडव्या दांडीवर आदळला. काही मिनिटांनी टायब्रेकर सुरू झाला, तेव्हा घानाची पहिली पेनल्टी त्यानेच घेतली आणि मारलीही. घाना हरले. त्याच पायाने, त्याच रात्री, तेवढ्याच अंतरावरून एक गेली आणि एक हुकली. पहिलीत तो कमी पडला आणि दुसरीत पुरा पडला असे म्हणणे शब्दांपुरते खरे आहे, पण त्यातून ग्यान नावाच्या माणसाबद्दल काहीच कळत नाही.

इथे भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातले चौदावे वचन उपयोगी पडते. कोणतेही कर्म सिद्धीस जायला पाच कारणे लागतात असे गीता सांगते: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवे दैव. मैदान, खेळाडू, त्याचा पाय आणि नजर, त्याची धाव आणि फटका, आणि मग ते पाचवे. पुढे दोनच श्लोकांनी गीता म्हणते की असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी अजून घडलेली नाही. हे वचन बहुधा जिंकणाऱ्याचा अहंकार उतरवण्यासाठी सांगितले जाते. हरणाऱ्यासाठी त्याचा अर्थ अधिक मोलाचा आहे: आपल्या वाट्याचे ओझे त्याने वाहावे, पाचही कारणांचे नव्हे. मात्र दैव पाचवे आहे, एकमेव नाही. चार कारणे माणसाच्या बाजूला ठेवून गीतेने आळशाची पळवाटही बंद केली आहे. मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिणाऱ्या टिळकांनी गीतेतून जो कर्मयोग काढला, त्याचा पाया असाच आहे. आणि रामदासांनी तर प्रयत्नालाच देवाच्या जागी बसवले.

इस्लामी धर्मशास्त्रात हाच वाद मुतझिला आणि अशअरी या दोन विचारपंथांत झाला. माणूस आपल्या कृत्यांचा निर्माता आहे, नाहीतर ईश्वराने शिक्षा करणे अन्याय ठरेल, असे मुतझिला म्हणत. दहाव्या शतकात अबुल हसन अल-अशअरी याने मधला मार्ग काढला: कृत्य निर्माण करतो ईश्वर, माणूस ते कमावतो. या कमाईला कस्ब म्हणतात. सर्व आक्षेपांना तो पुरा उतरतो असे नाही, पण टायब्रेकरच्या ठिपक्यावर तो खरा वाटतो. फटका मारण्याचा निर्णय, त्याची दिशा, त्यामागची वर्षानुवर्षांची मेहनत ही खेळाडूची कमाई. चेंडू जाळ्यात जाणे ही निर्मिती, ती त्याची नाही. उंट आधी बांधावा आणि मग अल्लावर भरवसा ठेवावा, ही हदीस वाळवंटातल्या माणसाला यापेक्षा कमी शब्दांत तेच सांगते.

कमाईत हेतूचाही वाटा असतो, आणि हा मुद्दा युरोपच्या बाद फेरीत अलीकडे फार ठळकपणे पुढे आला. १२ मार्च २०२५ रोजी अंतिम सोळांच्या फेरीत अ‍ॅट्लेटिको माद्रिद आणि रेआल यांचा टायब्रेकर झाला. अ‍ॅट्लेटिकोच्या हुलियान अल्वारेझचा पाय घसरला, चेंडू गोलात गेला, पण फटक्याच्या क्षणी तो दुसऱ्या पायालाही लागल्याचे व्हिडिओ पंचांनी ठरवले. दोनदा स्पर्श म्हणून गोल रद्द झाला आणि रेआल पुढे गेले. आदल्या वर्षी सिटीची पहिली पेनल्टी याच रेआलविरुद्ध बिनचूक मारणारा खेळाडू तोच होता. काही महिन्यांत खेळाचे नियम करणाऱ्या मंडळाने खुलासा केला: असा स्पर्श नकळत झाला आणि चेंडू गोलात गेला, तर पेनल्टी पुन्हा मारू द्यावी. नियमाने नियत मान्य केली. कृत्यांचे मोल नियतीवर ठरते, ही बुखारीच्या संग्रहातली अगदी पहिली हदीस आहे. (अरबी ‘नियत’ म्हणजे हेतू, मराठी ‘नियती’शी तिचे कानाला वाटणारे साम्य फसवे असले तरी या ठिकाणी दोन्ही शब्द शेजारी उभे राहतात.) अल्वारेझला त्या खुलाशाचा उपयोग झाला नाही.

नियम बदलला की दैवही बदलते, याचे आणखी एक उदाहरण अल ऐनच्याच वाटेवर आहे. परक्या मैदानावरच्या गोलाला बरोबरीत जास्त वजन देण्याचा नियम युरोपने १९६५ मध्ये आणला आणि २०२१ मध्ये काढून टाकला. आशियाने २०२३-२४ पासून. त्याच हंगामात उपांत्यपूर्व फेरीत अल ऐनची गाठ रोनाल्डोच्या अल नस्रशी पडली. घरी अल ऐन १-० ने जिंकले. ११ मार्च २०२४ रोजी रियाधमध्ये नव्वद मिनिटे संपली तेव्हा अल नस्र ३-२ ने पुढे, एकत्रित ३-३. वर्षभरापूर्वीचा नियम असता तर परक्या मैदानावरच्या दोन गोलांवर अल ऐन तिथेच पुढे गेले असते. त्याऐवजी जादा वेळ, ४-३, एकत्रित ४-४, आणि टायब्रेकर. तो अल ऐनने ३-१ असा जिंकला. आपण ज्याला दैव म्हणतो त्यातला बराच भाग कुठल्यातरी समितीच्या बैठकीत ठरलेला असतो, हे भाविकानेही लक्षात ठेवावे.

तो दिवस रमजानच्या पहिल्या रोजाचा होता. दोन्ही संघांत आणि दोन्हींच्या पाठीराख्यांत रोजा सोडून आलेले लोक होते, एकाच ईश्वरापुढे एकाच भाषेत हात पसरलेले. अशा वेळी प्रार्थनेत मागायचे काय? बाद फेरीत असा विजय शक्यच नाही ज्यात दुसऱ्याची हार नाही. ज्ञानेश्वरांच्या पसायदानातले मागणे असे आहे की ते मान्य झाले तर कोणाचेच काही जात नाही; दुष्टाचाही नाश त्यात मागितलेला नाही, त्याचे दुष्टपणच जावे एवढेच आहे. त्या कसोटीला विजयाची याचना उतरत नाही. बळ मागता येते, स्थिर मन मागता येते, अंगात असलेले सगळे त्या नव्वद मिनिटांत बाहेर यावे असे मागता येते. हे दोघांनाही मिळू शकते. पंढरीची वाट चालणारा पांडुरंगाकडे काही मागायला जात नाही, भेटायला जातो. विजयानंतर मैदानावर कपाळ टेकणाऱ्याचा कृतज्ञतेचा सजदाही मागण्याच्या पलीकडचा असतो. तो सजदा हरल्यावरही करता येतो का, हा खरा प्रश्न. संकटातही अल-हम्दुलिल्ला, म्हणजे ‘स्तुती ईश्वराची’, म्हणण्याची शिकवण इस्लाममध्ये आहे, पण ती पाळणे कठीण, आणि दीड वाजता स्टेडियममधून घरी परतणाऱ्याला ती कठीण वाटली तर त्यात श्रद्धेची उणीव मानू नये.

दैवाकडून माणूस आणखी एका गोष्टीची अपेक्षा करतो: हिशेबाची. २०२३-२४ मध्ये अल ऐनचा प्रशिक्षक होता अर्जेंटिनाचा एर्नान क्रेस्पो. खेळाडू म्हणून तो एसी मिलानकडून इस्तंबूलमध्ये लिव्हरपूलविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात उतरला होता. पूर्वार्धात मिलान ३-० ने पुढे, त्यातले दोन गोल क्रेस्पोचे. उत्तरार्धात सहा मिनिटांत लिव्हरपूलने तिन्ही फेडले. पंचाऐंशीव्या मिनिटाला क्रेस्पोला बदलले गेले. टायब्रेकर त्याने बाहेर बसून पाहिला, आणि मिलान हरले. तारीख होती २५ मे २००५. अल ऐनने २०२४ च्या अंतिम फेरीत योकोहामा एफ मरिनोसकडून पहिला सामना जपानमध्ये १-२ असा गमावला. परतीच्या सामन्यात हज्जा बिन झायेद स्टेडियमवर त्यांनी ५-१ असा विजय मिळवून एकत्रित ६-३ ने चषक घेतला. तारीख होती २५ मे २०२४.

एकोणीस वर्षांनी, त्याच दिवशी. असे जुळून आले की मन लगेच म्हणते, देवाने फेड केली. या ओढीला कमी लेखू नये. कर्मफळावरचा विश्वास याच ओढीवर उभा आहे. पण बाण काढून परोक्ष वाचण्याची मनाई इथेही लागू पडते. ती तारीख फेड असेल, तर योकोहामाच्या खेळाडूंनी कोणते ऋण फेडले? त्यांच्या गोलरक्षकाला पूर्वार्धाच्या अखेरीस लाल कार्ड मिळाले आणि उरलेला सामना ते दहा जणांनिशी खेळले. त्यांच्याही आयुष्यात आता एक २५ मे आहे. एकाच्या हिशेबाची जमा बाजू दुसऱ्याच्या वहीत खर्च म्हणून पडत असेल, तर तो हिशेब ईश्वराचा म्हणवत नाही. जुळलेल्या तारखेचे सौंदर्य मानावे, तिचा निर्णय मानू नये. खुद्द क्रेस्पोला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अल ऐनने पदावरून दूर केले, आणि आशियाचा गतविजेता संघ पुढच्या हंगामात साखळी फेरीतच एकही सामना न जिंकता बाहेर पडला.

त्या अंतिम फेरीत योकोहामातली हार भरून निघाली ती परतीचा सामना होता म्हणून. दोन सामन्यांची रीत ही बाद फेरीने काळाला ठेवलेली थोडीशी जागा आहे. पाऊस, आजारपण, पंचाची चूक यांना उत्तर द्यायची एक संधी. आशियाई स्पर्धेत २०२४-२५ पासून उपांत्यपूर्व फेरीपासूनचे सामने एकाच शहरात, जेद्दात, एकेरी झाले. त्यामुळे प्रवास वाचला. पण चुकीला मिळणारा अवसर निम्म्यावर आला, आणि जितका अवसर कमी तितका पाचव्या कारणाचा वाटा मोठा.

नाणेही खेळातून पुरते गेलेले नाही. टायब्रेकर सुरू होण्याआधी पंच दोनदा नाणे उडवतो. पहिल्यांदा पेनल्टी कोणत्या बाजूच्या गोलावर मारायच्या ते ठरते, म्हणजे समोर आपले पाठीराखे असणार की परके. दुसऱ्यांदा पहिली पेनल्टी कोणी मारायची ते ठरते. पहिली मारणाऱ्याला फायदा होतो असे काही अभ्यासकांनी मांडले, इतरांनी ते नाकारले; तो फायदा काढून टाकण्यासाठी पाळीचा क्रम उलटसुलट करण्याचा प्रयोग २०१७ मध्ये सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी सोडून दिला गेला. आजही दोन्ही कर्णधार त्या दोन नाणेफेकींसाठी पंचाजवळ येतात, एक जण छापा किंवा काटा सांगतो, आणि तिघेही मान वर करून नाण्याकडे पाहत राहतात.